नऊ दहा ते नऊ पस्तीस

फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय,
तेलकट बोटांनी आरपार दिसेल इतका पातळ झालेला:
आठ वीस ते आठ पंचेचाळीस, केरळवाले दोघे.
आठ पंचेचाळीस ते नऊ दहा, गुल जमान.
नऊ दहा ते नऊ पस्तीस, परकार.
तो मी.
गुदैबियातल्या या तिसऱ्या मजल्यावर
माझ्या मालकीची म्हणावीत तर
ही पंचवीस मिनिटं
आणि फ्रिजमधला खालून दुसरा कप्पा.

नऊ वर्षं या मिनिटांत काय शिजलं?
भात. बटाटा. अंडं. पुन्हा भात.
शुक्रवारी कोंबडी, रविवारपर्यंत ताणलेली.
सित्र्याची बस पहाटे चार चाळीसला,
आणि डब्यातला भात दुपारपर्यंत
गोदामाच्या उकाड्यात
स्वतःच पुन्हा एकदा शिजायचा.

मार्चमध्ये कंपनीच्या दवाखान्यात बोट टोचलं.
उपाशीपोटी एकशे एक्याऐंशी.
डॉक्टरीणबाई भल्या. भिंतीवरचा तक्ता दाखवला:
गुलाबी मासा, कुठलंसं लोण्यासारखं हिरवं फळ,
बदाम मूठभर.
मी मनात हिशेब मांडला,
एवढी तब्येत सुधारायची तर
आधी पगार सुधारायला हवा.
"भात कमी," त्या म्हणाल्या.
दापोलीच्या माणसाला भात कमी,
मग ताटात राहिलं काय, बाई?

त्याच शुक्रवारी, बाजारात,
ओल्या गोणपाटाखालून डोकावली
लालसर देठांची, गुबगुबीत पानांची
कुणीतरी ओळखीची.
"बरबीर," म्हातारा म्हणाला, "शंभर फिल्स."
अहो कसली बरबीर, घोळ ही!
आमच्या परसातली, कोंबड्यांच्या पायाखालची घोळ!
व्हिडिओवर झुलेखाला दाखवली,
तर तिला हसू आवरेना:
"इथं मी उपटून फेकते,
आणि तू पैसे मोजून घेतोस?"
घेतो. दोन जुड्या घेतो.

मग आला विश्वंभर घुगे,
उदगीरचा, वय बावीस,
पाळी नऊ पस्तीस ते दहा.
तीन मिनिटं पाकिटातल्या शेवया,
बावीस मिनिटं फोन.
आठवडाभर पाहिलं, मग म्हटलं,
बाबा, तुझी पाळी माझ्या पाळीला जोड.
पन्नास मिनिटांत चणे मऊ होतात.
डाळ होते, तीही तीन दिवसांची.
घोळ निवडून होते, लसूण ठेचून होतो,
आणि कांदा चिरताना
कुणाच्या तरी वहिनीबद्दल बोलून होतं.
कुकर जुना घेतला, अर्धे अर्धे पैसे.
शिट्टी वाजत नाही, नुसती सुस्कारते;
आम्ही सुस्कारे मोजतो.

ज्वारीचं पीठ त्यानंच शोधलं.
पहिल्या रात्री भाकरी थापली,
थप् थप् थप्,
आणि भिंतीपलीकडून बुक्की आली.
गुल जमानची ड्युटी पहाटे तीनची.
आता खुब्जाच्या रिकाम्या पिशवीवर
बोटांनी दाबून करतो, चोरासारखी.
कडा फाटतात.
"आय म्हणंल, भाकर केलीस का नकाशा?"
विश्वंभर म्हणतो, आणि नकाशा मोडून
मैदाच्या कालवणात बुडवतो.
सुरमईचं नाव आम्ही काढत नाही.

जूनमध्ये पुन्हा बोट टोचलं.
एकशे बावन्न.
"सॅलड खाता वाटतं?" बाईंनी विचारलं.
हो म्हणालो.
घोळीला सॅलड म्हणायला माझी हरकत नाही.

एसीचं पाणी खिडकीत ठिबकतं,
तिथं दूध पावडरचा डबा ठेवलाय,
त्यात जुडीचे उरलेले देठ खोचले होते,
सहज, फेकवेनात म्हणून.
बाहेर शेहेचाळीस अंश.
पानं फुटलीत.
तिच्यासाठी कागदावर वेळ लिहिलेली नाही,
ती दिवसभर आपली पाणी पिते.
उद्या खुडीन म्हणतो.
नऊ दहाला.